कारैकुडीचा बाजार आणि ब्रह्मदेशचे सागवान

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. मी पडलो डिप्लोमा सिव्हिल, रेल्वेच्या वर्क्स खात्यात क्वार्टर, स्टेशने आणि प्लॅटफॉर्म यांची डागडुजी करणारा माणूस. लढाया आणि तहनामे हा काही माझा प्रांत नव्हे. पण वीट, चुना, लाकूड आणि लोखंड यांना गेली वीस-बावीस वर्षे हात लावतो आहे, आणि त्यांनाही इतिहास असतो हे तिरुचीला बदलून आल्यावर मला फार जवळून पाहायला मिळाले. म्हणून मोडलेल्या घरांच्या सामानाचा इतिहास यंदा वाचकांपुढे ठेवतो. रेल्वेतील सहकाऱ्यांना विषय ओळखीचा वाटेल. विटा, खानापूर, आटपाडीकडून येऊन इथे सोने-चांदी गाळण्याचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांना तर तो अधिकच ओळखीचा वाटावा. जुन्या दागिन्यातून शुद्ध सोने काढणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना जुन्या घरातून चांगले सागवान निघते याचे नवल ते काय! फरक इतकाच की सोने एकदा मुशीत गेले की ते कोणाच्या गळ्यात होते याला अर्थ उरत नाही. लाकडाचे तसे नसते, असे मला वाटते. का वाटते ते पुढे येईलच.

रेल्वेत एखादी जुनी इमारत पाडली की निघालेल्या सामानाला आम्ही 'रिलीज्ड मटेरियल' म्हणतो. त्याची नोंद करावी लागते : कोणत्या इमारतीतून निघाले, किती नग, किती लांबी, वापरण्याजोगे की भंगार. वापरण्याजोगे दुसऱ्या कामाला लागते, भंगार लिलावात जाते. पूर्वी लिलाव डेपोत उभे राहून बोली लावून होत, आता संगणकावर होतात. ही नोंद ठेवताना कंटाळा येतो, हे कबूल करायला हरकत नाही. पण तिचा उपयोग काय, हे मला नोंदी नसलेला बाजार पाहिल्यावर कळले. रुळांना मात्र वहीचीही गरज नसते. रुळाच्या पोटावर, म्हणजे आमच्या भाषेत वेबवर, कारखान्याचे नाव आणि साल उठावाच्या अक्षरांत ओतलेले असते. १९१२ नंतर टाटांचे नाव दिसू लागते, त्याआधीचे बहुतेक विलायती. जुन्या स्टेशनांच्या पडव्यांना, पाण्याच्या टाक्यांना आणि क्वार्टरांच्या छपरांना असे रूळ खांब किंवा तुळया म्हणून लावलेले आजही सापडतात. रंगाचे थर खरवडले की साल वाचता येते. जन्मदाखला अंगावर घेऊन फिरणारी इमारतीतली वस्तू ही एकच.

तिरुचीहून पुदुक्कोट्टैमार्गे कारैकुडी गाडीने साधारण नव्वद किलोमीटर. ही लाइन १९२९-३० च्या सुमारास झाली. कारैकुडीच्या थोडे अलीकडे 'चेट्टीनाड' नावाचे लहानसे स्टेशन लागते. आपल्यापैकी बरेच जण या बाजूला गेले असतील ते पिळ्ळैयारपट्टीच्या कर्पग विनायकाच्या दर्शनाला. डोंगरात कोरलेली दोन हातांची, उजव्या सोंडेची ती मूर्ती आणि मोदकांचा नैवेद्य पाहून मराठी माणसाला घरच्यासारखे वाटतेच. हे मंदिर नगरत्तार म्हणजे नाट्टुकोट्टै चेट्टियार समाजाच्या नऊ कुलमंदिरांपैकी एक आहे. दर्शन झाल्यावर बहुतेक लोक जेवण्यासाठी कारैकुडीत थांबतात आणि परततात. मी सांगेन की तासभर काढून मुनीश्वरन कोविल रस्त्यावर चक्कर मारावी.

हा रस्ता म्हणजे मोडलेल्या घरांचा बाजार आहे. दुकानांत आणि दुकानांबाहेर सागवानी चौकटी एकीवर एक टेकवून ठेवलेल्या असतात. त्यांच्यावर गजलक्ष्मी, पोपट आणि वेली कोरलेल्या. खांब आडवे रचलेले असतात, जणू लाकडाची वखारच. पितळी बिजागऱ्या, कडी-कोयंडे, हातभर लांब किल्ल्या, रंगीत काचांच्या तावदानांचे तुकडे, बेल्जियमचे आरसे, युरोपातून आलेली इनॅमलची भांडी, जपानी फरशा, तांदूळ मोजायची मापे, आणि भिंतीवर राजा रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती. या छापील तसबिरींशी आपला जुना संबंध आहे. रविवर्म्याने १८९४ मध्ये छापखाना काढला तो मुंबईत, आणि पुढे १८९९ मध्ये तो हलवला लोणावळ्याजवळ मळवलीला. मुंबई-पुणे लाइनवर लोकलने जाणाऱ्यांना ते स्टेशन तोंडपाठ असेल. मळवलीला छापलेली लक्ष्मी चेट्टीनाडच्या देवघरात शंभर वर्षे राहून आता कारैकुडीच्या दुकानात गिऱ्हाइकाची वाट पाहत असते.

हे सगळे इथे आले कसे, याचे उत्तर या दुष्काळी प्रदेशात सापडत नाही. त्यासाठी समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात जावे लागते.

चेट्टियार हे मुळात व्यापारी आणि सावकार. एकोणिसाव्या शतकात ते इंग्रजांच्या पाठोपाठ सिलोन, मलाया आणि मुख्यतः ब्रह्मदेशात गेले. १८५२ च्या युद्धानंतर दक्षिण ब्रह्मदेश इंग्रजांकडे आला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि ब्रह्मी तांदळाला युरोपची बाजारपेठ जवळ आली. इरावतीच्या मुखाकडील दलदल साफ करून भातशेती करायची, तर शेतकऱ्याला भांडवल हवे. इंग्रजी बँका लहान शेतकऱ्याला दारात उभे करीत नसत. ते भांडवल चेट्टियारांनी पुरवले. पेढीचा मुनीम तीन वर्षांच्या मुदतीने रंगूनला किंवा आत खेड्यात जाई, मुदत संपली की परत येई. कमाई तिकडची, घर मात्र इकडचे. बांधायचे ते आपल्या गावात, जिथे कुलमंदिर आहे, जिथे मुलामुलींची लग्ने व्हायची आहेत. (आपल्या गलाईवाल्या मंडळींना हे नवीन वाटणार नाही. दुकान तमिळनाडूत आणि बंगला गावाकडे, ही रीत आपल्याही ओळखीची आहे.)

ही घरे साधारण १८५० ते १९४० या काळातली. पुढचे दार एका रस्त्यावर आणि मागचे दुसऱ्या रस्त्यावर, इतकी लांब. पुढे ओटा, त्याला इथे तिण्णै म्हणतात. मग बैठकीचा मोठा सोपा, मग खांबांनी वेढलेला चौक, मग दुसरा चौक, मग स्वयंपाकघरे. चौकाभोवती प्रत्येक विवाहित मुलाला एकेक लहान खोली, आपले दागिने, भांडीकुंडी आणि कागदपत्रे ठेवायला. छपरावरचे पावसाचे पाणी चौकात उतरवून साठवण्याची सोय. आपल्या वाड्याशी साम्य पुष्कळ आहे. चौक तोच, ओसरी तीच. पण सामान जगभरातून आणलेले. इटलीचा संगमरवर, इंग्लंडचे बिडाचे खांब, जपानच्या आणि इंग्लंडच्या फरशा. भिंतींचा गिलावा स्थानिक. चुन्याचे एकावर एक बारीक थर, शेवटच्या थरात अंड्याचा पांढरा बलक घालून घोटलेला. शंभर वर्षांनीही त्यावर हात फिरवला तर काचेवर फिरवल्यासारखा वाटतो. आत्तंगुडी गावच्या फरशाही याच घराण्यातल्या. काचेच्या तावदानावर रंगीत सिमेंट ओतून, त्यावर वाळू-सिमेंटचा थर देऊन त्या हाताने पाडतात. भट्टी नाही, पॉलिश नाही. काचेला चिकटून सुकल्याने काचेची तुकतुकी येते. हे काम अजून चालते, त्यामुळे जुन्या फरशीची जोड नव्याने मिळू शकते.

सागवानाचे तसे नाही. तेव्हाचे ब्रह्मी सागवान आता नव्याने मिळत नाही, आणि या सर्व बाजाराचे मूळ त्यात आहे.

जंगलातला जुना साग कापण्याची तिकडची रीत अशी होती. आधी उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती गाभ्यापर्यंत एक खोल कडे कोरायचे. झाड उभ्या उभ्या मरते आणि दोन-तीन वर्षे तसेच वाळते. कारण ओला साग पाण्यावर तरंगत नाही, आणि ओंडके न्यायचे ते नदीतून. वाळल्यावर तोडायचे, हत्तींनी ओढून ओढ्यात टाकायचे, पावसाळ्याच्या पुराने ते मोठ्या नदीत यायचे आणि तराफे होऊन रंगून-मौलमीनला पोचायचे. ओंडक्यावर कंपनीचा हातोड्याने ठसा मारलेला असे. या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी म्हणजे १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. मंडालेच्या राजाने तिच्यावर दंड ठोकला, त्याचे निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये युद्ध केले आणि थिबा राजाला आपल्या रत्नागिरीला आणून ठेवले. म्हणजे थिबा पॅलेस आणि कारैकुडीचे खांब यांच्यामागे एकच लाकूड उभे आहे.

त्या सागाची वर्तुळे इतकी दाट असतात की मोजायला भिंग घ्यावे. गाभा तेलकट, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. आजचा लागवडीचा साग लवकर तोडलेला, रुंद वर्तुळांचा आणि सालीकडच्या पांढऱ्या लाकडाचा भाग जास्त असलेला असतो. तो पांढरा भाग वाळवीला फार आवडतो. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून सागाचे ओंडके देशाबाहेर विकणेच बंद केले. तेव्हा जुन्या जातीचे लाकूड हवे असेल तर जुने घर मोडणे हाच मार्ग उरला. बाजाराला हे चांगले ठाऊक आहे.

घरे मोडण्याची पाळी का आली, तेही थोडक्यात सांगतो. १९३० च्या जागतिक मंदीत भाताचे भाव कोसळले. शेतकऱ्यांना कर्ज फेडता येईना, आणि गहाण जमिनी चेट्टियारांच्या गळ्यात पडल्या. दक्षिण ब्रह्मदेशातील मुख्य १३ भातउत्पादक जिल्ह्यांत १९३० मध्ये त्यांच्याकडे सुमारे ६ टक्के जमीन होती, ती १९३७ पर्यंत सुमारे २५ टक्के झाली. सावकाराला जमीन नको होती, रोकड हवी होती. त्यात ब्रह्मी शेतकऱ्याचा सगळा राग त्याच्यावर आला, आणि तो राग अगदीच अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. १९४२ मध्ये जपानी आले, तेव्हा लाखो भारतीयांना जीव घेऊन निघावे लागले. १९४८ मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला. १९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, पुढच्या एक-दोन वर्षांत बँका आणि व्यापारही सरकारने घेतले. घरांना पोसणारी नदीच आटली. मुले चेन्नई, कोइंबतूर, परदेश अशी पांगली. घर मात्र पन्नास-साठ वारसांच्या नावावर. लग्नकार्याला उघडायचे, झाडायचे आणि परत कुलूप. छपराची कौले कोणी फिरवायची, यावर एकमत होत नाही. खांब विकण्यावर मात्र होते, कारण खांबांचे पैसे वाटून घेता येतात.

युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत चेट्टीनाडच्या गावांचा समावेश २०१४ मध्ये झाला. काही घरांची हॉटेले झाली, ती टिकली. चेन्नईजवळ मुट्टुकाडूला १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'दक्षिणचित्र'मध्ये दक्षिणेकडील जुनी घरे उतरवून आणून पुन्हा उभी केली आहेत. ते पाहण्यासारखे आहे, कारण तिथे खांब खांबाच्या जागी आहे आणि त्याच्या डोक्यावर भार आहे. मोठ्या हॉटेलांच्या दिवाणखान्यांत चेट्टीनाडचा खांब नुसता शोभेला उभा केलेला असतो, वर फॉल्स सीलिंग. खांबाला बिनकामाचा उभा पाहिला की माझ्यातल्या वर्क्सवाल्याला राहवत नाही. पण तो माझा स्वभावदोष समजावा.

जुन्या इमारतीचे सामान उचलून दुसरीकडे लावणे ही काही आजची गोष्ट नव्हे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा आपल्याकडच्या देवळांत आल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच मानतात. तिच्यावर १७२१ साल आहे, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९. रुळाप्रमाणे घंटेच्याही अंगावर साल, म्हणून आज पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी आपल्याला तिची हकिगत सांगता येते. उलट उदाहरण आमच्या खात्याचे. १८५० च्या दशकात लाहोर-मुलतान रेल्वेचे काम करणाऱ्या कंत्राटदारांना आणि इंजिनिअरांना हडप्पाच्या टेकाडात पक्क्या विटा मिळाल्या. त्यांनी त्या फोडून रुळांखाली खडी म्हणून घातल्या. पुरातत्त्व खात्याचे कनिंगहॅम यांनी लिहून ठेवले आहे की सुमारे १०० मैल लाइनला पुरेल इतक्या विटा तिथून गेल्या. कोणती वीट कोणत्या भिंतीतली, याची वही कोणी ठेवली नाही. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या शहराचे ते 'रिलीज्ड मटेरियल' होते.

आता तंजावरकडे वळतो. तिथल्या भोसले राजवटीबद्दल आपल्या स्मरणिकेत पूर्वी अनेकांनी लिहिले असेल. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत ते राज्य चालले. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसल्यांचा मराठी वंशलेख आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या राज्याबरोबर आलेल्या कुटुंबांपैकी एका घराशी माझा परिचय झाला. घरातले थोरले गृहस्थ सत्तरीपुढचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मराठी आपल्यापेक्षा जुनी, हेल तमिळ. घर तीन-चार पिढ्यांचे, मधोमध चौक, त्याभोवती सागवानी खांब आणि वर मद्रास टेरेसची गच्ची.

मद्रास टेरेस म्हणजे काय, ते आजच्या तरुण इंजिनिअरांनाही सांगावे लागते. सागवानी कड्या दीड फुटाच्या आत अंतर ठेवून टाकायच्या. त्यांच्यावर सहा इंच लांब, तीन इंच रुंद आणि एकच इंच जाड अशा खास विटा कडेवर उभ्या करून, कड्यांना तिरक्या रेषेत, चुन्यात बसवायच्या. खालून आधाराच्या फळ्या लागत नाहीत, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला धरून राहते. त्यावर विटांच्या बारीक तुकड्यांची चुना-खडी तीनेक इंच, आणि ती बायकांनी ओळीत बसून लाकडी थापट्यांनी दिवसच्या दिवस बडवायची. बडवताना हिरडा आणि गूळ भिजवलेले पाणी शिंपडायचे. वर सपाट फरश्या. अशी गच्ची उन्हाळ्यात खोली थंड ठेवते आणि शंभर वर्षे टिकते. शत्रू एकच, भिंतीत शिरलेल्या कडीच्या टोकाशी मुरणारे पाणी.

अण्णांच्या घरी नेमके तेच झाले होते. मागच्या दोन खोल्यांतील अकरा कड्यांची टोके कुजली होती. कंत्राटदाराने सुचवले की गच्ची पाडून आरसीसी स्लॅब टाकू. धाकट्या भावाने सुचवले की घरच विकू. एक व्यापारी येऊन चौकाचे बारा खांब, चार दारे आणि एक झुला यांचे पैसे सांगूनही गेला होता. जमीन वेगळी विकायची, खांब वेगळे. अण्णांनी मला विचारले ते एवढेच, की छप्पर वाचेल का? मी टोचा मारून कड्या तपासल्या. मधला भाग घंटेसारखा वाजत होता. छप्पर वाचणार होते. पण अकरा कड्या हव्या होत्या, जुन्याच मापाच्या आणि जुन्याच लाकडाच्या. नवे लाकूड आकसले की तिरक्या विटांची ओळ सुटते, आणि एक सुटली की पाठोपाठ बाकीच्या.

मग आमच्या कारैकुडीच्या खेपा सुरू झाल्या. अण्णा, त्यांच्या ओळखीचा वयस्कर आसारी, म्हणजे सुतार, आणि मी. लाकूड कसे पाहायचे ते मला त्या आसारीने शिकवले. पुढचा कोरीव भाग तो पाहतच नसे. सरळ मागे जाऊन खाच आणि भोक पाहायचा. तासलेला पृष्ठभाग चहाच्या पाण्याने आणि धुराने जुना करता येतो, पण खाचेच्या आतले लाकूड खोटे बोलत नाही. हाताच्या करवतीच्या खुणा वेड्यावाकड्या, यंत्राच्या करवतीच्या एकसारख्या. चौकटीचा उंबरठा मधोमध झिजलेला हवा, दोन्ही टोकांना सारखा झिजलेला असेल तर तो कोणीतरी मुद्दाम घासला आहे. जुन्या खिळ्याभोवती लाकूड काळे पडलेले असते. टोचा दोन्ही टोकांना मारायचा, कारण कुजते ते टोक. आणि लांबी मोजताना कुजके टोक कापल्यावर काय उरेल ते मोजायचे. व्यापारी पूर्ण लांबीचे पैसे मागतो.

दारे, खांब पाहिजे तितके होते. कड्या नव्हत्या. कारण सरळ आहे. कडीवर नक्षी नसते. घर मोडताना खांब जपून उतरवतात आणि कड्या फाडून त्यांच्या फळ्या करतात, टेबले करतात. विटा तर तिथल्या तिथे भरावात जातात. मी दुकानदारांना विचारी, हे कोणत्या गावचे, कोणत्या घरचे? बहुधा उत्तर एकच : चेट्टीनाडचे. गाव सांगितले तर गिऱ्हाईक थेट तिकडे जाईल, ही भीती. त्यांच्या धंद्यात ते बरोबरही असेल. पण त्यामुळे मापाचा मेळ लागत नाही. एकाच घरच्या अकरा कड्या एकमेकींना जुळतात, अकरा घरच्या अकरा जुळत नाहीत. देवळाचे वाटेल असे काहीही मात्र अण्णांनी दुकानात हातातही घेतले नाही, आणि ते योग्यच. शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, त्या देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि कोरलेली मूर्ती कुठून आली हे न विचारता घेणे म्हणजे पोलिसांना घरी बोलावणे.

चार महिने असे गेले. दरम्यान भावाभावांत वाटणी झाली. पुढचा अर्धा भाग, चौकासह, धाकट्यांच्या वाट्याला आला आणि त्यांनी तो विकला. त्यांना मुलीच्या शिक्षणाचे कर्ज होते, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पाडकामाच्या आधी अण्णांनी भावाला एवढेच सांगितले की खांब कोणालाही दे, कड्या आणि गच्चीच्या विटा मला दे, बाजारभावाने. भावाने कड्यांचे पैसे घेतले नाहीत.

पाडकामाला मी दोन दिवस रजा टाकून उभा राहिलो. आमच्या खात्यातल्यासारखी वही केली. पुढच्या सोप्याच्या कड्या १ ते १९, प्रत्येकीची लांबी, रुंदी, कोणती बाजू वर, कोणते टोक कोणत्या भिंतीत. आसारीने खडूने आकडे घातले, अण्णांनी त्याखाली आपल्या सवयीने मोडी आकडे घातले. विटा एकेक करून चुना खरवडून निघाल्या. गवंड्याला एवढा संयम नसतो, म्हणून ते काम घरच्या बायकांनी केले. एकोणीसपैकी चौदा कड्या चांगल्या निघाल्या. मागच्या खोल्यांच्या अकरा जागी त्या बसल्या, मापे जुळली. जुळणारच होती, सुतार एकच असणार. तीन उरल्या, त्या जपून ठेवल्या आहेत.

बारा खांब ट्रकमध्ये चढले तेव्हा अण्णा बाहेर आले नाहीत. मी व्यापाऱ्याला विनंती केली की पावतीवर घराचा पत्ता आणि साल लिही. त्याने माझ्याकडे पाहिले आणि लिहिले, 'टीक खांब, १२ नग'. मग मी वहीच्या दोन पानांच्या झेरॉक्स काढून त्याला दिल्या. त्याने त्या घडी करून खिशात ठेवल्या. पुढे त्या खांबांबरोबर गेल्या की वाटेत पडल्या, कोण सांगणार?

कड्यांचे काम झाले आहे, एका खोलीची गच्चीही पूर्ण झाली. दुसऱ्या खोलीसाठी विटा कमी पडल्या आहेत, कारण उतरवताना बऱ्याच फुटल्या. साधारण सहाशे हव्या आहेत. माप सहा बाय तीन बाय एक इंच, गच्चीच्या विटा म्हणून विचारले तर इथले जुने मेस्त्री ओळखतात. तिरुची, तंजावर, कुंभकोणम् या भागात कोणाच्या शेजारीपाजारी जुने घर उतरत असेल, किंवा आपल्या खात्यातील कोणाच्या सेक्शनमध्ये मद्रास टेरेसचे क्वार्टर नियमाप्रमाणे पाडून लिलावात निघणार असेल, तर मंडळाच्या कार्यालयात निरोप ठेवावा. ऑक्टोबरच्या पावसाआधी कळले तर बरे होईल, तोवर त्या खोलीवर ताडपत्री आहे. आणि विटा कोणत्या घरच्या ते मात्र सोबत जरूर लिहून द्यावे, वहीत रकाना मोकळा ठेवला आहे.